उज्ज्वलाबाईंचा वास

केळझिरी गावात एखादा वास मोडीत निघायचा असला, की चिलटं आधी घरी येऊन तसं सांगून जातात.

सांगायला आलेलं चिलट बहुधा स्टीलच्या ग्लासाच्या काठावर बसतं. त्याचा आवाज फार बारीक असतो, म्हणून पंखा बंद करावा लागतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात पंखा बंद करणं सोपं नाही, पण तिथली ती रीत आहे. एखाद्या घरातला पंखा थांबला, की शेजारच्यांना कळतं, कोणीतरी बोलायला आलंय. ताटलीत पिकल्या केळ्याची एक चकती ठेवायची. चिलट आधी ती खातं, पाय एकमेकांवर घासून पुसतं आणि मग कामाचं बोलतं. एकटं असलं तरी ते स्वतःला ‘आम्ही’ म्हणतं. त्यांच्यात तशीच पद्धत आहे.

केळझिरीत माणसांची नाकं चिलटांच्या नाकांवर चालतात. चिलटांना जो वास ओळखू येतो, तोच माणसांना येतो. प्रत्येक वासाचं चिलटांच्या अंगात एक जनुक असतं. ते जनुक वंशातून गेलं, की तो वास गावातून जातो. मागे रॉकेलचा वास असाच गेला. स्टोव्ह कोणाकडे उरलेच नव्हते, त्यामुळे गावानं फार मनावर घेतलं नाही. रॉकेलच्या दुकानात जन्म काढलेले दामूअण्णा तेवढे बरेच दिवस दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःचेच हात हुंगत होते.

फिरक्यांच्या घरी चिलट आलं ते शनिवारी दुपारी. चैताली शाळेतून येऊन वाटीत कैरी कापत होती. तिचे बाबा, मुरलीधर फिरके, केळी पिकवायच्या कोठारातून जेवायला आले होते आणि बनियनवर बसून ताक पीत होते. चिलट त्यांच्या ग्लासावर बसलं आणि उडालं नाही. चैतालीनं उठून पंखा बंद केला. केळ्याची चकती ठेवली.

चिलटानं खाल्लं, पाय पुसले.

“मुरलीधर फिरके यांचं घर?”

“हो.”

“आम्ही कळवायला आलो आहोत. उज्ज्वला मुरलीधर फिरके यांचा या घरातला वास लवकरच संपेल.”

बाबांनी ग्लास खाली ठेवायला हात पुढे केला, पण चिलट परत काठावर येऊन बसलं होतं म्हणून तसाच मागे घेतला.

“संपेल म्हणजे? घर तिच्याच नावावर आहे,” ते म्हणाले. “ती गेल्यावरही मी काही बदललं नाही.”

“आम्ही वासाबद्दल बोलतोय.”

“मीही तेच बोलतो. लग्न झाल्यापासून तिचा वास इथंच आहे.”

“बाबा,” चैताली हळूच म्हणाली, “ते नाकाच्या वासाचं म्हणतायत.”

चिलटानं सांगितलं, “आमच्यात त्याला दोन वेगळे शब्द नाहीत. ज्याचा वास येतो, तो राहतो. येत नाही, तो राहत नाही.”

एकाच माणसाच्या वासासाठी अख्खं जनुक असणं केळझिरीतही नेहमीची गोष्ट नव्हे. बाकीच्या माणसांचे वास गावाला ढोबळ येतात, म्हणजे घाम, साबण, तंबाखू एवढेच. उज्ज्वलाबाईंचा मात्र वेगळा येत असे, आणि त्याला कारण होतं. त्या घरी केळीचे वेफर तळून विकत. कच्च्या केळ्यांच्या चिकानं त्यांची बोटं कायम काळी असायची, केसांना माक्याचं तेल असायचं, आणि पदराला तळणाचा वास. वेफरसाठी आणलेल्या घडातलं एखादं केळं पिकून जायचं. ते त्या मोरीजवळच्या तुटक्या टोपलीत ठेवून द्यायच्या. दुसऱ्या घरांतून चिलटांसाठी व्हिनेगरच्या वाट्या मांडलेल्या असत, त्यांत ती बुडून मरायची. उज्ज्वलाबाई म्हणायच्या, “खाऊ दे. त्यायलेही पोट आहे.”

“तुझी माय चिलटायले जावयासारखी ठेवायची,” शेजारच्या इंदूमावशी भंगाळे चैतालीला म्हणायच्या. “मी आली तर मले नुसता चहा.”

हा वास जिकडे जातो तिकडे पिकलं केळं ठेवलं जातं, हे चिलटांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाहण्यात आलं. ज्यांना तो वास ओळखता आला, त्यांची पोरं पोटभर जेवून वाढली. असं ते जनुक झालं. मग उज्ज्वलाबाई बाजारातून परत गेल्या तरी गल्लीतल्या माणसांना कळायचं, की त्या आत्ताच इथून गेल्या. लपाछपीत आई कधी जिंकायची नाही, याचं लहानपणी चैतालीला फार नवल वाटायचं.

आई जाऊन दुसरा उन्हाळा होता. तिच्या साड्या लोखंडी कपाटात होत्या. सगळ्यांत वर वेफर तळताना नेसायची ती जांभळी सुती साडी, न धुतलेली. कपाट उघडलं, की आई तिथं असायची. बाबा रोज सकाळी त्या कपाटातून रुमाल काढायचे. रुमाल काढायला जितका वेळ लागतो त्याहून त्यांना जास्त लागायचा. मग दार लावून ते कामाला जायचे. यावर घरात कधी कोणी काही बोललं नव्हतं.

“पण का?” चैतालीनं चिलटाला विचारलं. परक्यांशी ती फारसं बोलत नसे. वर्गातही ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही. चिलटाला मात्र तो नीट ऐकू आला.

“सांगतो. ज्यांना आईसाहेबांचा वास येतो, ती फटीतून कपाटात जातात. आत खायला काही नसतं. ती साडीच्या घडीत अंडी घालतात आणि तिथंच मरतात. अंड्यांतून निघालेली पोरंही मरतात. ज्यांना हा वास येत नाही, ती जात नाहीत, म्हणून वाचतात. आता गावात बहुतेक त्यांचीच पोरं आहेत.” चिलटानं एक पंख ताणून परत मिटला. “हे आम्ही ठरवलेलं नाही. कोणीच ठरवलेलं नाही. ज्यांना आठवतं ती मरतात, एवढंच होतंय.”

“तुम्हाला येतो?”

“येतो. म्हणून तर आम्हाला पाठवलं.”

चैतालीनं बाबांकडे पाहिलं. बाबा ताकाकडे पाहत होते.

“आणि काही उपाय?”

“आहे. वासापाशी गेल्यावर पोट भरलं पाहिजे. पूर्वी भरायचं, तसं.”

एवढं सांगून ते खिडकीतून गेलं. चैतालीनं पंखा लावला. बाबा उठताना म्हणाले, “उद्या कोठारातून काळी पडलेली केळी आणतो. तशीही फेकूनच देतात.”

तेव्हापासून चैताली शाळेतून आली, की आधी कपाट उघडायची. खालच्या कप्प्यात वर्तमानपत्र अंथरून त्यावर सोललेलं केळं ठेवायची आणि दार बोटभर उघडं सोडायची. केळं साडीला लागू नये म्हणून ती फार जपायची. कालचं केळं उचलून कचऱ्यात टाकायची, कागद बदलायची. तेवढ्यात साडीकडे तोंड करून एकदा श्वास घ्यायची. एकदाच. जास्त घेतला तर संपेल की काय, असं तिला वाटायचं.

चिलटं येऊ लागली. आधी चार-दोन, मग पुष्कळ. कपाटाच्या आरशावर त्यांची दाटी व्हायची, आणि वेणी घालताना चैतालीला त्यांच्यामधल्या फटीतून स्वतःला पाहावं लागायचं.

“काय वं चैताली,” इंदूमावशी दारातून म्हणाल्या, “लोक कपाटात दागिने ठेवतात, अन् तुम्ही चिलटं पाळून राहिले?”

“आईसाठी,” चैताली म्हणाली.

इंदूमावशींनी कपाटाकडे पाहिलं, नाक वर करून एकदा हुंगलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पिकलेली केळी आणून उंबऱ्यावर ठेवली.

उन्हाळा ओसरायच्या आत चिलट पुन्हा आलं. म्हणजे ते नव्हे. ते कधीच गेलं होतं.

“आपण आमच्या खापरपणजोबांशी बोलला होता,” नवं चिलट म्हणालं. “तो विषय आमच्याकडे आला आहे.”

बाबांनी या वेळी स्वतः पंखा बंद केला आणि समोर मांडी घालून बसले.

“परिस्थिती सुधारली आहे,” चिलट म्हणालं. “वास ओळखणाऱ्यांना आता खायला मिळतं. त्यांची पोरं जगतात. आमच्या हयातीत हा वास जाणार नाही. तसा शब्द द्यायला हरकत नाही.”

“तुमच्या हयातीत,” बाबा म्हणाले.

“आमच्या हयातीत.”

बाबांनी चेहऱ्यावरचा घाम उपरण्यानं पुसला. चैतालीनं त्यांना आई गेल्यापासून असं बसलेलं पाहिलं नव्हतं, खांदे सैल सोडून. “मग काय,” ते तिला म्हणाले, “चिलटं तर आपल्या आधीपासून आहेत अन् आपल्या मागूनही राहतील. झालं ना मग.” त्यांनी चिलटापुढे आणखी एक चकती सरकवली, सदरा घातला आणि कोठारात गेले. जाताना कपाटाशी थांबलेही नाहीत. आता घाई नव्हती.

चिलट गेलं नाही.

“आपल्याशी थोडं बोलायचं होतं,” ते चैतालीला म्हणालं. “ते असताना बोलवेना.”

“बोला.”

“आईसाहेबांच्या वासाच्या जनुकाची आमच्यात एक जादा प्रत झाली आहे. असं अधूनमधून होतं. मूळ प्रत आपलं काम करत राहते, आणि जादा प्रत मोकळी असते. ती जरा इकडेतिकडे सरकते.”

“कुठं सरकते?”

“जिकडे खायला मिळतं तिकडे. कपाटात केळं आपण ठेवता. आपण आलात, की थोड्या वेळात केळं दिसतं. साडीचा वास दिवसभर असतो, केळं मात्र आपल्याबरोबर येतं. ज्यांची जादा प्रत आपल्याकडे सरकली, ती आधी पोचतात, आधी जेवतात. मूळ प्रत असलेली मागून येतात. त्यांना उरलंसुरलं मिळतं.” ते थांबलं. “आपला वास आईसाहेबांच्या वासाला लागूनच आहे. फार सरकावं लागलं नाही.”

चैतालीनं चकत्या कापायची सुरी उगाच पुसली. मग विचारलं, “मी ठेवायचं बंद केलं तर?”

“तर सगळीच उपाशी.”

“बाबांनी ठेवलं तर?”

“जनुक त्यांच्याकडे सरकेल. त्याला वेळ लागेल, कारण त्यांचा वास लांबचा आहे. पण सरकेल. जो ठेवील त्याच्याकडे.”

“मग कोणी ठेवायचं?”

चिलटानं यावर खरोखर विचार केला. चकतीच्या कडेनं एक फेरी मारली.

“उज्ज्वलाबाईंनी स्वतः ठेवलं तर काही अडचण नाही,” ते म्हणालं.

पंखा बंद असल्यामुळे घरात काहीच आवाज नव्हता. बाहेर कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर घड चढवत होते.

“मूळ प्रत किती टिकेल?”

“आमच्या हयातीत टिकेल. तसा शब्द दिलाच आहे.”

“आम्ही म्हणजे… तुम्ही सगळे?”

“आम्ही म्हणजे आम्ही,” चिलट म्हणालं, आणि पुढच्या पायानं स्वतःच्या छातीकडे खूण केली.

चैतालीनं नीट पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याच्या एका पंखाची कड झिजली आहे.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा ती त्यांना सांगायला मोरीपर्यंत गेली. ते नळ सोडून हात धूत होते.

“बाबा, आम्ही म्हणजे ते एकटंच,” ती म्हणाली.

“काय?” नळाच्या आवाजात ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुपारचंच हसू अजून होतं.

“काही नाही,” चैताली म्हणाली.

इंदूमावशींना मात्र तिनं सांगितलं, आणि त्यांनी गल्लीला सांगितलं. केळझिरीत कोणताही वास जायचा असला, की माणसं तो अखेरचा घेऊन जातात. रॉकेलच्या वेळी दामूअण्णांकडे चारच जण गेले होते. उज्ज्वलाबाईंसाठी दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली आली. बायका डोक्यावर पदर घेऊन कपाटासमोर ओळीनं उभ्या राहिल्या. एकेकीनं पुढे व्हायचं, साडीपाशी वाकायचं, डोळे मिटायचे आणि बाजूला व्हायचं. चहा नसतो. अशा वेळी घरात दुसरा वास करत नाहीत.

“तळणच आहे वं,” एक म्हातारी म्हणाली, “पण तळणात एक गारवा होता तिच्या.”

“माक्याचा.”

“माका मीही लावते. हा माका नव्हे.”

दामूअण्णाही आले होते. ते कपाटापाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबले, आणि मागच्या बायकांनी त्यांना घाई केली नाही.

शेवटी इंदूमावशी दाराशी उभ्या असलेल्या बाबांना म्हणाल्या, “या भाऊ. तुमचा नंबर.”

“मी कशाला?” बाबा म्हणाले. “तुम्ही घ्या. बाहेरच्या माणसायले रोज थोडंच मिळतं. मी घरातलाच आहे. मले तर शब्द दिलाय त्यायनं.”

इंदूमावशींनी चैतालीकडे पाहिलं. चैतालीनं खाली पाहिलं. तिला वाटलं, आता सांगावं, मोठ्यानं सांगावं. पण सगळी गल्ली घरात उभी होती आणि बाबा यजमानासारखे सगळ्यांना वाट करून देत होते. लग्नकार्यात जसं करतात, तसंच. इतक्या लोकांसमोर त्यांचा शब्द तोंडातून काढून घेणं तिला जमलं नाही.

“बाबा, तरी घ्या ना,” एवढंच ती म्हणाली.

“सवडीनं घेतो,” बाबा म्हणाले. “गर्दी जाऊ दे.”

गर्दी गेल्यावर कोठारातून बोलावणं आलं, एक गाडी भरायची होती, आणि बाबा गेले.

चैताली ताटली उचलायला गेली. काळ्या पडलेल्या चकतीच्या कडेला ते चिलट पाय वर करून पडलं होतं. एका पंखाची कड झिजलेली. तिनं ते कागदाच्या तुकड्यावर घेतलं आणि तुळशीच्या कुंडीत ठेवलं. मग आत येऊन कपाट उघडलं, खाली वाकली आणि तोंड साडीत खुपसलं.

सुती कापड होतं. डांबरगोळी होती. खालच्या कप्प्यातून केळ्याचा वास येत होता. ती तशीच वाकून थांबली. तिनं दुसऱ्यांदा श्वास घेतला, तिसऱ्यांदा घेतला. आता जपून ठेवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे मोजूनमापून घेण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी रुमालासाठी कपाट उघडलं. चैताली वेणी घालायला मागे उभी होती. ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग त्यांनी हात घालून साडी थोडी वर उचलली, परत ठेवली. खालच्या घड्यांत पाहिलं. चष्मा सापडत नाही तेव्हा माणूस जसं पुन्हापुन्हा त्याच खिशात पाहतो, तसं त्यांनी दोनदा केलं. रुमाल घेतला. दार लावलं.

“शब्द दिलेला त्यायनं,” ते म्हणाले.

“त्यानं पाळला, बाबा,” चैताली म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही, हे तिला कळलं नाही. ते कामाला गेले.

चैतालीनं तरी केळं ठेवणं सोडलं नाही. आता ते कपाटात ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून ती ते मोरीजवळच्या तुटक्या टोपलीत ठेवू लागली, पूर्वी असायचं तिथंच. चिलटं तिच्या आधीच तिथं हजर असायची. शाळेतून येताना ती गल्लीच्या तोंडाशी पोचली, की घराच्या खिडकीतून चिलटांचा एक बारीकसा ढग बाहेर यायचा. वर्गातल्या मुली हसायच्या. ती चिलटांना हाकलत नसे.

एकदा दुपारी बाबा जेवायला आले. ती भिंतीला टेकून अभ्यास करत होती. चिलटं तिच्या वेणीवर, खांद्यावर, पुस्तकाच्या पानावर बसलेली होती. ताकाचा ग्लास तिच्याजवळ होता. तो घ्यायला बाबा वाकले, आणि नाक तिच्या वेणीशी येताच वाकलेलेच राहिले.

“तू तेल बदललं का वं?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

“वेफर तळले?”

“नाही.”

त्यांनी ग्लास तिथंच राहू दिला. सावकाश सरळ झाले, भिंतीपर्यंत गेले आणि पंखा बंद केला. मग ताटलीत केळ्याची एक चकती कापून ती त्यांनी चैतालीपुढे ठेवली, आणि समोर मांडी घालून, तिचं खाऊन होईपर्यंत थांबले.